जुन्या गेमच्या यादीत नसलेलं नाव

माझी चूक आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडणार नाही. गेल्या वर्षी माझ्या मुलीनं, प्राचीनं, मला आमच्या लहानपणचे व्हिडिओ गेम विचारले. तिच्या कॉलेजातली पोरं असले जुने गेम आता मोबाइलवर शोधून खेळतात. पण त्यांतले कोणते अजूनही खेळण्यासारखे आहेत आणि कोणते नुसतेच जुने, हे त्यांना कळत नाही. मी जालन्यात बियाण्यांच्या दुकानात बसतो. पेरणीचे दिवस सरले की दुपारी गिऱ्हाईक नसतं. दोन दुपारी बसून मी एक यादी लिहिली. प्रत्येक गेमपुढे तो आजही का खेळावा आणि त्यातली खुबी काय, हे लिहिलं. प्राचीनं ती त्यांच्या ग्रुपवर टाकली आणि पोरांनी डोक्यावर घेतली. ‘तुझे पप्पा भारीच निघाले’ असं कुणीतरी लिहिलेलं तिनं मला दाखवलं आणि मी ते वाचून लाजल्यासारखं हसलो. त्या यादीतली एकही खुबी माझी नव्हती. सगळ्या माझ्या चुलत बहिणीच्या, छायाताईच्या होत्या, आणि तिचं नाव यादीत कुठंच नव्हतं. विसरलो असतो तर गोष्ट वेगळी. मी ते लिहिलं होतं आणि खोडलं होतं. नाव आलं असतं तर प्राचीनं विचारलं असतं, एवढी हुशार होती तर आत्या पुढं शिकली का नाही? त्याचं उत्तर मला माहीत होतं आणि ते मी तीस वर्षं कुणाला दिलं नव्हतं.

आमचं घर परतूरला, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. तीन खोल्या, पुढं पत्र्याचं छप्पर. वडील, त्यांना मी दादा म्हणायचो, जिनिंगमध्ये कारकून होते. सरकीचा तेलकट वास त्यांच्या सदऱ्याबरोबर घरात यायचा आणि हंगामात कापसाचे तंतू पार भाकरीच्या पिठापर्यंत पोचायचे. दादांचे मोठे भाऊ आण्णा मंठ्याकडच्या एका खेड्यात शेती बघत. तिथं शाळा सातवीपर्यंत. म्हणून आण्णांनी छायाताईला आठवीपासून आमच्याकडं ठेवलं. आमच्या भागात तेव्हा हे सर्रास चालायचं. शिकायला ठेवलेल्या पोरीचा बाप महिन्याला ज्वारीचं पोतं आणून टाकायचा आणि पोरगी घरकामाला हात लावायची. पोत्याची ज्वारी कमी पडते असं कुणी म्हणत नसे, पण पोरीचा हात कमी पडतो असं रोज म्हटलं जाई. आईनं तिला कधी मारलं नाही. फक्त तिला कधी ‘बस’ म्हटलं नाही. पहाटे ताईच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं मला जाग यायची. आमच्या ताटात भाकरी, येसराची आमटी, वर तेल. ती शेवटी जेवायची तेव्हा आमटीचं पाणी झालेलं असायचं आणि ती त्यात भाकरी चुरून, पुस्तक मांडीवर उघडं ठेवून जेवायची. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. वर्गात पहिली. तिच्या वह्यांचे उरलेले कोरे कागद शिवून आई मला कच्चं लिहायला द्यायची, आणि त्याचाही मला राग यायचा.

गेमचं मशीन दादांनी जालन्याहून आणलं. कुणीतरी नवं घेतलं म्हणून जुनं स्वस्तात मिळालं होतं. पांढरं प्लास्टिक पिवळं पडलेलं, दोन रिमोट, आणि एक कॅसेट, जिच्यावर नऊशे नव्व्याण्णव गेम असल्याचं छापलं होतं. खरे गेम सात होते. बाकी तेच पुन्हा पुन्हा, नुसते रंग बदलून. कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. ही फुंकर कशाला मारायची ते कुणालाच माहीत नव्हतं, पण मारल्याशिवाय कुणी राहत नसे. एका रिमोटाचं उजवं बटण अडकायचं. तो रिमोट ताईचा. असं ठरवलं कुणीच नव्हतं. दोन माणसं खेळायला बसली की चांगला रिमोट माझ्या हातात असायचा, एवढंच.

यादीत पहिला गेम मी रणगाड्यांचा लिहिला आणि आजही तोच पहिला लिहीन. खाली मधोमध आपलं घर, भोवती विटांची भिंत, वरून शत्रूचे रणगाडे उतरतात. चित्रं इतकी साधी की पोरांना हसू येईल, पण दोघांनी मिळून खेळण्यासारखा त्याहून चांगला गेम मी अजून पाहिला नाही. नवीन माणूस शत्रूच्या मागं धावतो आणि इकडं घर जातं. ताई धावायची नाही. शत्रू वर ठरावीक तीनच जागी उमटतात, हे तिनं दुसऱ्या दिवशी हेरलं. त्यातल्या एकीखाली ती रणगाडा लावून उभी राहायची आणि उमटला की उडवायची. तिला उजवीकडं फार वळावंच लागत नसे. त्या गेममध्ये आपली गोळी जोडीदाराला लागली तर तो मरत नाही, नुसता काही क्षण जागीच गोठतो. मी तिला मुद्दाम गोळी मारायचो. ती गोठली की शत्रू येऊन तिला उडवायचा आणि मी म्हणायचो, “चुकून लागली.” पहिल्यांदा तिनं मान्य केलं. नंतर ती माझ्याकडं न बघताच म्हणायची, “लागली आसंल.”

दुसरा गेम वरून पडणाऱ्या ठोकळ्यांचा. हा सगळ्यांना माहीत असतो, म्हणून यादीत लिहू नये असं वाटलं होतं. पण म्हातारपणीही खेळता येईल असा हा एकच. आम्ही सगळे कडेला एक उभी फट मोकळी ठेवून लांबड्या ठोकळ्याची वाट बघायचो. तो आला की एकदम चार ओळी उडायच्या आणि आम्ही ओरडायचो. ताई म्हणायची, “लांबड्यासाठी कामून थांबतो रे? जो आला त्याला जागा कर, ढीग खाली ठेव.” तिच्या खेळाला कधी टाळ्या पडल्या नाहीत, पण तिचा ढीग कधी वर गेला नाही. यादीत हे वाक्य मी माझं म्हणून घातलं आणि ते पोरांना सगळ्यात जास्त आवडलं.

बंदुकीनं पक्षी मारण्याचा एक गेम होता, तो मी वगळला. ती बंदूक आताच्या सपाट टीव्हीवर चालतच नाही, त्यामुळं त्याची शिफारस करण्यात अर्थ नाही. तिसरा लिहिला तो दोन शिपायांचा, जंगलातून गोळ्या झाडत पुढं जायचा. हा मात्र आजही घाम काढतो. प्रत्येकाला मोजकेच जीव. आणि आमच्या कॅसेटीत एक सोय होती: आपले जीव संपले की एक बटण दाबून जोडीदाराचा एक जीव आपल्याकडं ओढता यायचा. त्याला विचारावं लागत नसे. मी बेफाम पळायचो, मरायचो आणि ताईचे जीव घेत राहायचो. तिचे सगळे संपले की ती रिमोट ठेवायची, ओढणीला हात पुसायची आणि भांडी घासायला जायची. प्राचीच्या ग्रुपातल्या पोरांसाठी मी लिहिलं, ‘जोडीदाराचे जीव सांभाळा, शेवटच्या टप्प्याला तेच कामी येतात.’ असं लिहिताना माणूस अडखळत कसा नाही, याचं मला आज नवल वाटतं.

ताई फक्त रविवारी खेळायची. हे नीट लक्षात ठेवा. आठवडाभर शाळा, काम, अभ्यास. रविवारी दुपारी धुणीभांडी उरकली, आईची परवानगी घेतली, की मग. रविवारी माझे दोन मित्र यायचे. नईम, सायकलवाल्याचा पोरगा, आणि गजा, जो आमच्या वर्गात दुसऱ्यांदा बसला होता. नियम असा की ज्याचा खेळ आधी संपला तो हरला, हरला तो उठला, पुढच्यानं बसायचं. सुरुवातीला त्यांनी ताईला चिडवून घेतलं. तिच्या बोटांना कधी कधी सुकलेलं पीठ असायचं. गजा म्हणायचा, “रिमोटाला पीठ लागलं रे, आता टीव्हीतून भाकर निघंल!” आणि मी सगळ्यांत मोठ्यानं हसायचो. तिचं नाव आम्ही ‘भाकरवाली’ पाडलं. पण भाकरवाली बसली की उठायची नाही. एकामागून एक आम्हीच उठायचो. मग नईम बदलला. तो तिच्या मागं उकिडवा बसून बघायचा आणि म्हणायचा, “आपा, ये कैसा किया? एक बार फिरसे दिखाओ ना.” ती दाखवायची, समजावून सांगायची. आमच्या घरात तिला कुणी काही विचारलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

एका रविवारी मी तिच्याकडून लागोपाठ सहा वेळा हरलो. अडक्या बटणाच्या रिमोटानं. गजानं मांडी ठोकली आणि म्हणाला, “काय रे संज्या, तुझ्याच घरात तू भाड्यानं राहतो का काय?” नईम हसला. ताईपण हसली. तिनं हसू लगेच आवरलं, पण मला तेवढं पुरलं. मी तेरा वर्षांचा होतो आणि माझ्याच टीव्हीपुढून मला उठवलं होतं, तेही ज्वारीच्या पोत्यावर ठेवलेल्या पोरीनं. हे वाक्य मी तेव्हा मनात शब्दशः असंच म्हटलं होतं. आज ते कमी वाईट करून लिहिलं तर या लिहिण्याला काही अर्थ उरणार नाही.

पुढच्या शनिवारी दादा आणि आई एका लग्नाला गेले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतणार होते. ते गेल्यावर कोपऱ्यावरच्या फोनवाल्यानं मला हाक मारली. आण्णांचा निरोप होता, उद्या दुपारी ज्वारी घेऊन येतो. आण्णा परतूरला आले की ताई टीव्हीच्या जवळ फिरकत नसे. आण्णांनी तिला शहरात पाठवताना भावकीसमोर सांगितलं होतं, पोरगी वाकडी वागली तर शाळा त्याच दिवशी बंद. हे सगळ्या घराला माहीत होतं. मलाही माहीत होतं. घरी आल्यावर ताईनं विचारलं, “कुणाचा निरोप व्हता रे?” मी म्हणालो, “आण्णांचा. मंगळवारी येऊन राह्यले.” मग नईमच्या आणि गजाच्या घरी जाऊन त्यांना रविवारी लवकर यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिनं आमच्यासाठी सुशीला केला. भिजवलेले मुरमुरे, वर शेंगदाणे, लिंबू. तिघांना वाढला, आणि मग आम्हीच तिला बसवली. शिपायांचा गेम. मी माझा चांगला रिमोट तिच्या हातात दिला. “आज हा घे, ताई,” मी म्हणालो, आणि ती इतकी खूश झाली की मला क्षणभर वाटलं सांगून टाकावं. नाही सांगितलं. ती खेळायला लागली. चांगल्या रिमोटावर तिची बोटं कशी चालतात ते आम्ही तोवर पाहिलंच नव्हतं. आमच्यापैकी कुणी न पाहिलेल्या टप्प्यात ती पोचली. ओढणी कमरेला खोचलेली, नईम एका बाजूला, गजा दुसऱ्या बाजूला, आणि ती गुडघ्यावर उठून ओरडत होती, “मर की मुडद्या! मर!” तेव्हा दारातला उजेड कमी झाला. आण्णा उभे होते. खांद्यावर पोतं.

त्यांनी पोतं हळूच भिंतीशी टेकवलं. ताईनं सवयीनं खेळ थांबवायचं बटण दाबलं आणि टीव्हीचा आवाज बंद झाला. नईम आणि गजा चपला हातात घेऊनच बाहेर पडले. “काय चालू हाय हे?” आण्णा म्हणाले. ताई उठून उभी राहिली होती, ओढणी सोडून डोक्यावर घेतली होती. “आण्णा, फक्त रविवारी अस्तं. सगळं काम झाल्यावर. काकूला इचारून.” आण्णांनी तिच्याकडं बघितलं नाही. ते माझ्याकडं वळले. “संजू, तू खरं सांग बेटा. रोज अस्तं का हे?”

मला कुणी धमकावलं नव्हतं. आण्णांनी माझ्या अंगाला कधी बोट लावलं नव्हतं. नुसतं ‘न्हाई’ म्हणायचं होतं.

“रोज,” मी म्हणालो.

“संजू!” ताई म्हणाली. “खोटं कामून बोलतो रे? सांग ना खरं. आण्णा, शप्पथ, रविवारीच—”

“कपडे भर,” आण्णा म्हणाले.

“सहामाही हाय बुधवारपासून.”

“भर म्हन्लं ना. मला खोटी बी आन् बेशरम बी पोरगी नको.”

ती रडली नाही. पत्र्याच्या पेटीत कपडे भरताना तिनं पुस्तकंही घातली, ती आण्णांनी काढून कोनाड्यात ठेवली. जाताना तिनं मला पुन्हा एकदा विचारलं, अगदी हळू, “सांगतो का?” मी टीव्हीकडं बघत राहिलो. ते दोघं गेल्यावर मी खाली बसलो, रिमोट उचलला आणि तिनं थांबवलेला खेळ पुढं सुरू केला. तिचे चार जीव शिल्लक होते. ते मी पाच मिनिटांत घालवले. संध्याकाळी आई-दादा आले. आईनं घरभर नजर फिरवली आणि पहिलं वाक्य बोलली, “छाया कुठं गेली? भांडी तशीच पडलीत.”

दादांनी एकदा खेड्यावर जाऊन बघितलं, पण आण्णा ऐकणारे नव्हते. ताई शाळेत परत गेली नाही. पुढं तिचं जाफराबादला लग्न झालं, पिठाची गिरणी असलेल्या घरात. लग्नात मी पंगतीला वाढत होतो. नवरा गेल्यापासून गिरणी तीच चालवते. सणासुदीला आम्ही भेटत राहिलो, ती माझ्याशी नीट बोलायची, माझ्या पोरीच्या हातावर काहीतरी ठेवायची. तिनं तो विषय कधी काढला नाही आणि मी त्यालाच माफी समजून घेतलं.

तीन वर्षांपूर्वी आण्णा जालन्याच्या दवाखान्यात होते. अकरा दिवस मी त्यांना घरून पेज नेऊन चारत होतो. एका सकाळी ते आपणहून म्हणाले, “छायाला मी शिकवलं अस्तं रे. लई हुशार व्हती. पर माझ्या तोंडावर खोटं बोलली ती, तिथं मन मोडलं माझं.” माझ्या हातात चमचा होता. मी तो त्यांच्या तोंडाशी नेला आणि म्हणालो, “गरम हाय, सावकाश घ्या.” त्यानंतर चौथ्या दिवशी ते गेले.

यादीचं कौतुक झाल्यावर आठवडाभरात मी प्राचीला हे सगळं सांगितलं. तिनं मोबाइल उलटा ठेवला आणि म्हणाली, “मला कशाला सांगताय, पप्पा? आत्याला सांगितलं का?” दुसऱ्या दिवशी मी जाफराबादची एसटी धरली.

गिरणी चालू होती. ताईच्या भुवयांवर, केसांवर पीठ. एक म्हातारी डबा घेऊन बाकावर बसली होती. “आज इकडं कसं काय?” ताई पट्ट्याच्या आवाजावरून ओरडली. “पोरीचं जमवलं का काय?”

“न्हाई ताई. बोलायचं होतं.”

मी त्या रविवारचं बोललो. निरोप मी लपवला होता, तेही. ती पिठाचा डबा हलवत ऐकत होती. “तू काय बोलला ते मला म्हाईत हाय,” ती म्हणाली. “मी तिथंच उभी व्हते ना. मंगळवारचं मात्र आज कळलं.” आणि पुढचं दळण ओतलं. मग मी दवाखान्यातलं सांगितलं. तिनं हात लांब करून गिरणी बंद केली. पट्टा थांबायला वेळ लागला.

“आण्णा माझ्याबद्दल बोलले?”

“हो.”

“मन मोडलं म्हणाले?”

“हो.”

“आन् तू पेज चारली.”

मी मान हलवली. ती बाकावरच्या म्हातारीशेजारी बसली. मी तिला बसलेली क्वचितच पाहिली आहे. “म्हंजे माझा बाप मला खोटी समजून गेला,” ती म्हणाली, “आन् तू दोन वर्षांनी हे वझं आणून माझ्या दारात टाकून राह्यला. काय करू याचं? दळू?”

मी म्हणालो, “ताई, तुला काय शिक्षा—”

“गप. माझ्याकडून शिक्षा घेऊन मोकळा व्हायला आला का?” तिनं घराकडं तोंड करून हाक मारली, “वैष्णवी! भाईर ये.”

तिची मुलगी बाहेर आली. संभाजीनगरला शिकते, सुट्टीत आली होती. हातात पुस्तक, बोट पानात. “ही मला लहानपणापासून इचारते, आई तू नववीतच शाळा कामून सोडली,” ताई म्हणाली. “मी हिला सांगितलंय, मला अभ्यासाची आवड नव्हती. बापाचं नाव खराब नको, तुझं बी नको, म्हणून सांगितलं. ही कधीमधी मला अडाणी म्हणते. आता तू सांग हिला. या मावशीसमोर सांग.”

पोरगी माझ्याकडं बघत होती. म्हातारीनं डबा खाली ठेवला.

“वैष्णवी,” मी म्हणालो, “तुझ्या आईला आवड होती. ती वर्गात पहिली होती. ती आमच्या घरी फक्त रविवारी खेळायची, सगळं काम उरकून, विचारून. मी तिच्याकडून हरलो म्हणून मुद्दाम तिला आण्णांच्या समोर पकडून दिलं आणि रोज खेळते असं खोटं सांगितलं. त्या एका शब्दावर तिची शाळा सुटली. आण्णांना ते मरताना तरी सांगता आलं असतं. तेही मी सांगितलं नाही, कारण मला भीती वाटली.” मग मी ताईकडं वळलो. ती माझ्याकडं बघत नव्हती, पोरीच्या तोंडाकडं बघत होती.

“मी खोटं बोललो, ताई,” मी म्हणालो. “खरी तू होतीस. माझं चुकलं.”